पाचव्या प्रश्नाचं उत्तर

१

कामिओका सेत्सुओ पुलाखाली सापडला तेव्हा त्याच्या हातात रिकामी बाटली होती. पोलिसांनी ती दारूची समजून तसं लिहूनही टाकलं. बाटली पाण्याचा नमुना घ्यायची होती, तिच्यावर तारखेसाठी कोरी चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि सेत्सुओनं जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण त्याच्या बायकोला विचारायची तसदी कुणी घेतली नाही.

ती बायको, फुमी, आता तोक्योत उगाजिन मासाएच्या कचेरीत खुर्चीच्या कडेवर बसली होती. मांडीवर हिनोसे गावच्या चेस्टनटच्या मिठाईचा खोका होता. नवरा जाऊन अजून सुतकाचे एकोणपन्नास दिवसही झाले नव्हते, तरी दुसऱ्याच्या दारी रिकाम्या हातानं जायचं कसं, हा प्रश्न तिला सुटला नव्हता.

कचेरी म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. तिथं एकच काम चाले. कुठल्या खासदारानं कुठल्या विधेयकाला काय मत दिलं, किती भाषणं केली, किती प्रश्न विचारले, मतदानाच्या वेळी जागेवर होता की पसार होता, हे सगळं टिपायचं आणि संकेतस्थळावर मांडायचं. मासाएनं वर्षानुवर्षं राजकीय बातमीदारी केली होती. ती सोडली किळस येऊन, आणि हे काम धरलं तेही किळस येऊनच. तिच्या जोडीला निवृत्त दंतवैद्य डोमोतो होते. ते पगार घेत नसत, त्याऐवजी टोमणे मारत.

"तुमच्या यादीत खासदार शिराहाता सेन्सेई पहिले आहेत," फुमी म्हणाली. "पाच फुलं दिलीत तुम्ही त्यांना. म्हणून आधी इथं आले."

"फुलं आम्ही देत नाही, आकडे देतात," डोमोतो म्हणाले. "जास्त बोलला, जास्त फुलं. पोपट निवडून आला तर त्याला सहा मिळतील."

"डॉक्टर, चहा ठेवा," मासाए म्हणाली. "बोला, कामिओका-सान."

फुमी सांगत गेली. सेत्सुओ हिनोसेच्या नदीकाठच्या रंगकारखान्यात पाणी तपासायचा. तो आकडा काढायचा एक, आणि कारखाना सरकारला कळवायचा दुसराच. शेवटी त्याला राहवलं नाही. विरोधी पक्षाचे शिराहाता यासुओमी हे तिथलेच खासदार, नदीसाठी संसदेत आरडाओरडा करणारे. सेत्सुओ मंगळवारी तोक्योला येऊन त्यांना भेटला. शिराहातांनी त्याचे दोन्ही हात धरले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुवारी समितीत प्रश्न विचारतो म्हणाले, नाव कुठंही येणार नाही म्हणाले.

"आणि गुरुवारी मंत्र्यांनी सांगितलं की कारखान्यातल्या एका माणसानं आकडे खोटे केले होते, त्याला काढून टाकलंय. सगळं तिथंच मिटलं. गावात कुणी आमच्याशी बोलेना. आपण खोटे नाही हे दाखवायला हे पुन्हा नदीवर गेले, नमुने घ्यायला. पाय घसरला असेल. मला माहीत नाही."

तिनं मांडीवरचा खोका टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "त्यांनी आधी घेतलेल्या तीन बाटल्या माझ्या फ्रिजमध्ये आहेत, लाख लावून बंद केलेल्या. दुसरा पुरावा उरला नाही. रविवारी सेन्सेई स्वतः घरी येणार आहेत, बाटल्या संसदेत नेतो म्हणतात. देऊ का?"

मासाएनं उलट प्रश्न केला. "तुमच्या यजमानांना कामावरून काढल्याचं कधी कळलं?"

"बुधवारी संध्याकाळी. फाटकातूनच परत पाठवलं."

डोमोतो किटली हातात धरून तसेच उभे राहिले. प्रश्न गुरुवारचा होता. तो विचारला जायच्या आदल्या दिवशीच कारखान्याला माणूस ठाऊक झाला होता.

२

"नाव तीन जणांना माहीत असू शकतं," बसमध्ये मासाएनं डोमोतोंना सांगितलं. "स्वतः शिराहाता. त्यांची सचिव नागाकुबो रिए, ती भेटीच्या वेळी खोलीत होती. आणि मंत्रालयातला इसोबे. तो त्याच दुपारी प्रश्न घ्यायला त्यांच्या दारात येऊन थांबला होता, फुमी-सानच्या नवऱ्यानं त्याला पाहिलं होतं."

"म्हणजे एक पोपट, एक पिंजरेवाली आणि एक मांजर," डोमोतो म्हणाले.

खासदार भवनात पाहुण्यानं खाली चिठ्ठीवर स्वतःचं नाव, कुणाला भेटायचं, कशासाठी, हे लिहून द्यावं लागतं. मासाएनं 'कशासाठी'पुढे 'शोकभेट' लिहिलं. पहारेकऱ्यानं न वाचता शिक्का मारला.

नागाकुबो चाळिशीची, इस्त्रीच्या घडीसारखी नीटस बाई होती. सेत्सुओचं नाव काढताच तिनं मान खाली घातली.

"वाईट झालं. पण आमच्याकडून काही गेलेलं नाही, उगाजिन-सान. हे बघा." तिनं एक कागद पुढे केला. समितीत प्रश्न विचारायचा तर दोन दिवस आधी मंत्रालयाला विषय कळवायचा, ही जुनी पद्धत आहे. बहुतेक खासदार सगळा प्रश्नच लिहून देतात. शिराहातांच्या कागदावर एकच ओळ होती : हिनोसे नदीच्या पाण्याबाबत.

"सेन्सेई कधीच याहून जास्त देत नाहीत. मंत्र्याला बेसावध पकडायचं असतं ना."

"मग कारखान्याला कळलं कसं?"

"खरं सांगू का, कामिओका-सान कारखान्याचं जाकीट घालूनच आले होते. खालच्या दालनात कारखान्यांची माणसं दिवसभर घिरट्या घालतात. कुणीतरी पाहिलं असणार." ती थांबली. "मला तेव्हाच बोलायला हवं होतं. त्यांच्याकडे दुसरा कोट नव्हता बहुतेक."

तेवढ्यात शिराहाता आत आले. भरदार अंग, पिकलेले केस, आणि डोळे असे की हाक मारताच ओले व्हावेत. मासाएला पाहताच त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला.

"उगाजिन-सान, त्या माणसाचा मृत्यू मी वाया जाऊ देणार नाही," ते म्हणाले, आणि पुढे नदीवर, आईच्या लहानपणच्या आठवणीवर, मुलांच्या भवितव्यावर बोलत राहिले. आवाज नेमक्या ठिकाणी घोगरा होत होता. मासाएनं त्यांची शेकडो भाषणं नोंदवली होती. नदी आणि आई याच क्रमानं येतात, हे तिला पाठ होतं.

बोलता बोलता त्यांनी रविवारच्या भेटीची वेळ विचारली. नागाकुबोनं टेबलावरची मोठी दिनदर्शिका पुढे केली, पण पुढचाच आठवडा उघडला. शिराहातांनी बोलणं न थांबवता दोन बोटांनी कान खाजवला. नागाकुबोनं पान मागे घेतलं आणि रविवारच्या चौकोनावर बोट ठेवलं. शिराहातांनी मान हलवली.

"तुमच्या त्या पाच फुलांबद्दल मी फार ऋणी आहे," निरोप घेताना ते म्हणाले.

मासाए घाईनं वळली. दोघं बाहेर आले.

"दात खोटे नाहीत," डोमोतो म्हणाले. "बाकीचं मी तपासलेलं नाही."

३

इसोबे मंत्रालयाजवळच्या उभ्यानं खायच्या सोबा-शेवयांच्या टपरीवर भेटला. वय पस्तिशीचं, डोळ्यांखाली काळं. वाडग्यातून वर न बघता बोलत होता.

"एक ओळ देतात शिराहाता सेन्सेई. एक ओळ. त्यावर आम्ही सगळा विभाग बसून अंदाज बांधतो की काय विचारतील, आणि प्रत्येक अंदाजाचं उत्तर लिहितो. बायको म्हणते, ज्योतिषी झाला असतास तर वेळेवर घरी तरी आला असतास."

"आणि अंदाज बरोबर निघतात?"

"निघतात कधीकधी."

"या वेळी मंत्र्यांकडे त्या कर्मचाऱ्याचं उत्तर तयार होतं."

इसोबेनं सोबाचा मोठा घास घेतला. "कंपनीनं कळवलं होतं बुधवारी. त्यांनी माणूस काढला, आम्हाला कळवलं. त्यात आमचं काय चुकलं?"

उत्तर साळसूद होतं आणि खोटंही वाटत नव्हतं. कारखान्याच्या माणसानं खालच्या दालनात जाकीट ओळखलं, कंपनीनं सेत्सुओला काढलं, मंत्रालयाला कळवून हात झटकले. सगळं जुळत होतं. कुणाचंच पाप नाही आणि एक माणूस मेला, अशी ती नेहमीची सरकारी गोष्ट होती.

"समितीत तुम्ही कुठं बसता?" मासाएनं सहज विचारलं.

"मंत्र्यांच्या मागच्या खुर्चीत. पानं बघायला. त्यांचा चष्मा बदललाय, दोन पानं एकदम उलटतात."

एवढं बोलल्यावर त्याचा चेहरा उतरला. सोबा अर्धा शिल्लक होता. त्यानं वाडगा ठेवला, कुणाला तरी भेटायचंय असं पुटपुटला आणि रस्ता ओलांडून गेला. दिवा लाल होता हेही त्यानं पाहिलं नाही.

४

शनिवारी मासाए आणि डोमोतो कचेरीत त्या गुरुवारची समिती बघत बसले. संसदेच्या प्रत्येक बैठकीचं चित्रण कुणालाही बघता येतं, म्हणूनच कुणी बघत नाही. देशानं त्यातला फक्त एक तुकडा पाहिला होता. शिराहाता टेबलावर मूठ आपटून गरजतात, तो संध्याकाळच्या बातम्यांत आला होता. मासाएच्या यादीत त्या दिवसापुढे नुसता आकडा वाढला होता.

डोमोतोंची बघायची रीत वेगळी होती. ते आधी आवाज बंद करून बघत. आयुष्यभर तोंडं बघितल्यानं आवाजाचा अडथळा होतो, असं त्यांचं म्हणणं.

"इथं थांबवा," ते म्हणाले. "मंत्री काहीतरी वाचतोय आणि आपला पोपट किती शांत ऐकतोय बघा. जबडा सैल. चिडलेल्या माणसाचा जबडा असा नसतो."

"तो पाचवा प्रश्न आहे. याच्यानंतरच मूठ आपटतात."

"मग आवाज लावा."

मासाएनं चित्रण मागे घेतलं. पडद्यावर शिराहातांनी पाचवा प्रश्न विचारला : हिनोसेच्या पाण्यात क्रोमियम किती आढळलं, आकडा सांगा. अध्यक्षांनी मंत्र्यांचं नाव पुकारलं. मंत्री उभे राहिले, फाईलचं पान उलटलं आणि वाचू लागले.

"सदर प्रयोगशाळा कर्मचाऱ्यानं आकड्यांत फेरफार केल्याचं आढळल्यानं त्याला काल कामावरून कमी केलं आहे, असं कंपनीनं कळवलं आहे."

मंत्री बसले. क्षणभर काही घडलं नाही. अध्यक्षांनी पुकारलं, "शिराहाता यासुओमी-कुन." शिराहाता उठले, कागदाकडे पाहिलं, मूठ आपटली.

"'तपास चालू आहे' या शब्दांच्या आड लपू नका, मंत्रीमहोदय. नदी तपासाची वाट बघत थांबत नाही."

मग लगेच त्यांनी सहावा प्रश्न वाचला : कारखान्यातल्याच एका माणसाचे आकडे वेगळे आहेत, त्याबद्दल काय म्हणणं आहे? मंत्री उठले आणि म्हणाले, "याबाबत तपास चालू आहे. आत्ताच आकडा सांगणं उचित होणार नाही."

डोमोतोंनी चष्मा काढला. "मला म्हातारपणी ऐकू येईनासं झालंय का?"

"नाही," मासाए म्हणाली. "पुन्हा लावते."

तिनं तो भाग पुन्हा लावला, आणि पुन्हा. तिसऱ्यांदा ती मंत्र्याकडे बघत नव्हती, शिराहातांकडे बघत होती. मंत्र्यांचं उत्तर संपत आलं असताना शिराहातांनी एकदा मान वर केली आणि दोन बोटांनी कान खाजवला. मंत्र्यांच्या मागच्या खुर्चीतला इसोबे ताडकन पुढे वाकला आणि त्यानं मंत्र्यांच्या फाईलचं पान मागे घेतलं.

मासाए उठली, खिडकी उघडली आणि थोडा वेळ तिथंच उभी राहिली. खालच्या झेरॉक्सच्या यंत्राचा वास वर येत होता. तो त्या घटकेला तिला बरा वाटला.

५

रविवारी दोघं हिनोसेला सकाळच्याच गाडीनं गेले. शिराहाता दुपारी येणार होते. फुमीच्या घरात देव्हाऱ्यासमोर सेत्सुओचा फोटो होता, त्याच कारखान्याच्या जाकिटातला. दुसरा चांगला फोटो नव्हता. मासाएनं आणि डोमोतोंनी उदबत्ती लावून हात जोडले आणि मग मासाएनं मांडीवरच्या संगणकावर फुमीला तो तुकडा दाखवला.

"मला नाही कळलं," फुमी म्हणाली. "दुसरंच उत्तर वाचलं मंत्र्यांनी. चूक झाली."

"चूक झालीच. मंत्र्यांनी दोन पानं एकदम उलटली आणि पाचव्या प्रश्नाला सहाव्याचं उत्तर दिलं. तोवर शिराहातांनी कुठल्या कर्मचाऱ्याचं नावच काढलं नव्हतं. आता तुम्ही त्यांच्या जागी आहात असं समजा. तुमच्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसाला तुम्ही लपवलंय. त्याच्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढायच्या आधीच मंत्री म्हणतो, त्याला काल काढलं. तुम्ही काय कराल?"

"ओरडेन," फुमी म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं म्हणून विचारेन."

"ते कान खाजवत बसले."

फुमीनं तो तुकडा पुन्हा लावायला सांगितलं.

"मी आधी सचिवबाईंवर संशय घेतला होता," मासाए म्हणाली. "मग खालच्या दालनातल्या कुणावर तरी. पण यांच्यापैकी कुणी शिराहातांच्या पाठीमागं नाव फोडलं असतं, तर शिराहातांना तिथं धक्का बसायला हवा होता. बसला नाही. उलट, जे शब्द मंत्र्यांनी अजून उच्चारलेच नव्हते, त्या शब्दांवर ते मूठ आपटून मोकळे झाले. कारण त्यांच्या कागदावर मंत्र्यांचं उत्तरही होतं. मंत्री चुकीचं पान वाचताहेत हे त्यांनी ओळखलं, खूण करून मागे घ्यायला लावलं. पण तोवर अध्यक्षांनी नाव पुकारलं, आणि उठल्यावर कागदावर असलेलंच वाचण्यापलीकडे त्यांना काही सुचलं नाही. तिकडं इसोबेनं पान मागे नेलेलं, म्हणून सहाव्याला पाचव्याचं उत्तर आलं."

"ती एक ओळ?" डोमोतोंनी विचारलं. त्यांना माहीत होतं, पण फुमीला ऐकू जावं म्हणून विचारलं.

"ती दाखवायला. खरे प्रश्न आणि खरी उत्तरं मंत्रालयातच, एकाच माणसानं, एकाच टेबलावर लिहिली. काल इसोबेला फोन केला होता. मी फक्त म्हटलं, कान खाजवला की पान मागे, ना? तिकडं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, 'मूठ कुठं आपटायची तेही आम्हीच लिहितो, बाई. एकदा विसरलो तर सेन्सेई रागावले होते.' आणि फोन ठेवला. उद्या तो हे नाकारेल."

"पण का?" फुमीचा आवाज अगदी लहान झाला होता. "ते तर आमच्याच बाजूचे. नदीसाठी इतकं बोलतात."

"बोलतात. मतं बघा त्यांची." मासाएनं दुसरं पान उघडलं. "नदीत काय सोडायचं याचा नियम सैल करणारं विधेयक आलं. शिराहातांनी तासभर भाषण केलं, आणि मतदानाच्या वेळी निषेध म्हणून सभागृह सोडलं. आपल्या जागेवरची नावाची पाटी, गैरहजेरीची खूण म्हणून, आडवी करून गेले. दुसऱ्या वेळी पुन्हा निषेध, पुन्हा पाटी आडवी. आजवर त्यांनी या कारखान्याला नडेल असं एकही मत दिलेलं नाही. लोकांना तो बाणेदारपणा वाटतो, आणि आमच्या आकड्यांत भाषणाची भर पडते. तुमच्या गावात निवडणुकीला त्यांची पत्रकं कोण वाटतं?"

फुमीनं ओठ आवळले. "कारखान्याची युनियन. हेसुद्धा वाटायचे. सुट्टीच्या दिवशी, पावसात."

"युनियनची मतं हवीत आणि नदीकाठच्यांचीही हवीत. तेव्हा ओरडायचं नदीसाठी आणि सांभाळायचं कारखान्याला. सेत्सुओ-सान आले तेव्हा हे दोन्ही एकदम जमेना. मग नाव कारखान्याला पोचवलं. आधी माणूस खोटा ठरवायचा, मग त्याच्या वतीनं गळा काढायचा. दोन्हीकडची मतं शाबूत."

डोमोतो फोटोकडे वळून बसले.

"बाटल्या त्यांना द्यायच्या नाहीत," फुमी म्हणाली. तिनं ते विचारलं नाही, सांगितलं.

"नाही. डॉक्टरांचा जुना मित्र विद्यापीठात पाणी तपासतो. आज तो वकिलाला घेऊन येतोय, बाटल्या त्या दोघांच्या समोर हलतील. शिराहातांना आल्या पावली परत पाठवलंत तरी चालेल."

"येऊ देत," फुमी म्हणाली. ती उठली आणि कप पुसायला लागली.

६

शिराहाता वेळेवर आले. बरोबर नागाकुबो होती, तिच्या हातात छोटा कॅमेरा होता. त्यांच्या स्वतःच्या वाहिनीसाठी आहे, तिनं सांगितलं, घरच्यांची हरकत नसेल तर. फुमीनं मान हलवली. मासाएला बघून शिराहाता किंचित अडखळले, पण लगेच त्यांचे डोळे भरून आले.

"उगाजिन-सानही आल्या. साक्षीला चांगल्या."

ते देव्हाऱ्यासमोर बसले, उदबत्ती पेटवून राखेत उभी केली, घंटा वाजवली. हात जोडून इतका वेळ बसले की नागाकुबोला मधेच हात बदलावा लागला. वळले तेव्हा गालांवर खरोखरीचं पाणी होतं. मासाएला त्या पाण्याचीच सर्वात जास्त शिसारी आली. ते खोटं असतं तर बरं झालं असतं.

"फुमी-सान," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुमच्या यजमानांनी जे जीव देऊन जपलं, ते मला द्या. मी ते संसदेच्या टेबलावर ठेवीन."

फुमीनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. मग समोर गुडघे मोडून बसली, हात मांडीवर.

"सेन्सेई, एक विचारायचं होतं. तुम्ही नदीत किती विष आहे ते विचारलंत. मंत्री म्हणाले, त्या कर्मचाऱ्याला काल काढलं. तुम्ही तोवर यांच्याबद्दल काहीच बोलला नव्हता. तुम्हाला नवल कसं नाही वाटलं?"

शिराहातांनी चहाचा कप उचलला होता, तो तोंडाशी न नेता खाली ठेवला. "त्या क्षणी... सभागृहाचं वातावरण फार तापलेलं असतं, फुमी-सान. माझी आई म्हणायची—"

"नदीच्या आधी आई आली," डोमोतो मासाएला हळूच म्हणाले.

शिराहाता थांबले. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, हसल्यासारखं केलं, आणि दोन बोटांनी कान खाजवला.

नागाकुबोचा अंगठा सवयीनं हलला. मागे घ्यायचं आणि पुन्हा करायचं, एवढाच त्या कान खाजवण्याचा अर्थ होता. कॅमेऱ्याचा लाल दिवा विझला आणि ती म्हणाली, "फुमी-सान, बाटल्यांपासून परत घेऊ या का? तुम्ही आतून घेऊन आलात की—"

तिचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. फुमी तिच्याकडे बघत नव्हती. ती शिराहातांच्या कानाजवळच्या त्या दोन बोटांकडे बघत होती. सकाळी पडद्यावर पाहिलेलीच बोटं होती ती. शिराहातांनाही तिची नजर कुठं आहे ते कळलं, आणि त्यांनी हात मांडीखाली घेतला. नागाकुबोनं सावकाश एकाकडून दुसरीकडे पाहिलं. मग तिनं कॅमेरा पिशवीत टाकला आणि चेन लावली.

"जाकीट," ती कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली. "मी सगळ्यांना जाकिटाचं सांगत होते."

"रिए-कुन, गाडी बोलव," शिराहाता म्हणाले. आवाज आता अजिबात घोगरा नव्हता.

"चहा निवतोय, सेन्सेई," फुमी म्हणाली.

त्यांनी चहा घेतला नाही. दारात बूट घालताना मात्र समोरच्या घरातली म्हातारी झाडू मारताना दिसली, तशी त्यांनी तिला कमरेत वाकून नमस्कार केला आणि हिवाळ्यात तब्येत जपा म्हणाले. म्हातारी हरखली. गाडी वळेपर्यंत ते खिडकीतून हात हलवत होते.

"पुढच्या बैठकीत हा माणूस कामगारांच्या सुरक्षेवर प्रश्न विचारणार," मासाए म्हणाली. "आणि मी त्याचा आकडा एकानं वाढवणार."

"वाढवा," डोमोतो म्हणाले. "पण खाली हा तुकडा लावा. आवाजासकट."

फुमी आत गेली. फ्रिजचं दार उघडून तिनं तिन्ही बाटल्या हातानं चाचपल्या आणि दार लावलं. मग देव्हाऱ्यासमोर आली. राखेत उदबत्त्या जळत होत्या. सकाळी पाहुण्यांनी लावलेल्या कधीच संपल्या होत्या. तिची स्वतःची, दुपारी लावलेली, थोडी उरली होती, आणि मधोमध शिराहातांची, नुकतीच पेटलेली, लांब.

तिनं ती चिमटीत धरून उपटली, मोरीत नेऊन नळाखाली धरली. ती चुर्र झाली आणि धूर थांबला. तरी ती पाणी सोडून बराच वेळ उभी होती. मग ओली काडी कचऱ्यात टाकून तिनं हात पुसले, आणि विद्यापीठातल्या माणसासाठी नवं पाणी तापत ठेवलं.